वाट्यांची वाटणी

आई होती तोवर तिच्या माहेरी जायला आम्हांला निमित्त लागत नसे. ती गेल्यावर निमित्त मिळाले ते तिच्याच मंगळसूत्राचे.

काळ्या मण्यांत दोन वाट्या: एक माहेरची, एक सासरची, मधल्या पट्टीने एकमेकींना जोडलेल्या. आम्ही बहिणीही दोघी. मी म्हटले, "एकेक वाटी घेऊ." धाकटी व्यवहारी. ती म्हणाली, "सोडवताना मोडतील. त्यापेक्षा आटवून निम्मे निम्मे करू." शब्दाने शब्द वाढला. अखेर ठरले, की माहेरची वाटी जिथे घडली त्या निमगाव केतकीच्या सोनारालाच विचारायचे.

बारामतीला इंदापूरची एस. टी. धरली. दोघींच्या मध्ये पिशवी, आणि पिशवीहून जड असा अबोला. सणसर, लासुर्णे, अंथुर्णे मागे पडले. आषाढात तुकाराम महाराजांची पालखी याच वाटेने जाते आणि निमगावी मुक्काम करते. पण आमच्या मनातले निमगाव पानमळ्यांचे. आधाराला लावलेल्या झाडांवर चढलेल्या नागवेली, आणि आत शिरताच भर उन्हातही अंगाला लागणारा तो ओलसर गारवा! आजोळची सुट्टी म्हणजे आम्हांला तो गारवाच आठवतो.

दुकानात आता नातू बसतो. तोही साठीला आलेला. वाट्या पाहताच म्हणाला, "ताई, हिला शिसं कुणी लावलं?"

एकदा पट्टी निखळली तेव्हा आईने ती कुठेशी घाईने जोडून घेतली होती. काकांनी समजावले: सोनाराची डाख म्हणजे सोन्यातच चांदी, तांबे, जस्त मिसळून केलेली, सोन्याच्या जरा आधी वितळणारी धातू. शिसे-कथलाची डाख मात्र दोनशे अंशांच्या आतच पाणी होते, म्हणून जोडायला सोपी. पण तिच्यासकट दागिना लाल होईतो तापवला, की शिसे सोन्यात शिरते आणि सोने ठिसूळ होते. प्रसंगी भोकही पडते.

"म्हणजे आटवलं असतं तर?" धाकटीने विचारले.

"सगळंच नासलं असतं. मग शुद्ध करत बसा."

त्यांनी कसोटी काढली. दोन वाट्यांच्या दोन रेघा ओढल्या, वर तेजाबाचा थेंब सोडला. एक रेघ तशीच राहिली, दुसरी फिकी पडली. माहेरची वाटी आजीने 1962 साली करून ठेवलेली, 22 कॅरटची. सासरची 1964 ची. जानेवारी 1963 मध्ये सुवर्णनियंत्रण आले होते; 14 कॅरटहून अधिक कसाचा नवा दागिना करायला बंदी होती. ती अट 1966 मध्ये उठली. "त्या दिवसांत आजोबांची बागेसरी थंड असायची," काका म्हणाले. देशभर कितीतरी सोनारांच्या हातचे काम तेव्हा गेले.

अडचण अशी, की शुद्ध सोने 1064 अंशांना वितळते, आणि 14 कॅरटचे त्याच्या पुष्कळ आधी. एकीचा सांधा सुटेपर्यंत दुसरी बसायची!

मणी उतरवले. कोरणीने शिसे खरवडले, उरलेले दिव्याच्या मंद आचेवर पुसून घेतले, पुन्हा कानशीने घासले. वाट्यांच्या कड्यांना ओल्या गेरूचा लेप दिला, म्हणजे तिथले सांधे सुटू नयेत. पट्टीच्या सांध्याला टाकणखार लावला. मग कोळशावर ठेवून आच दिली. आधी 22 कॅरटच्या बाजूला, हळूहळू. आमचा श्वास अडकला. सांध्यावर चकाकी धावली आणि चिमट्याच्या नुसत्या स्पर्शाने पहिली वाटी अलग झाली.

"ओढायचं नाही," काका म्हणाले, "सुटू द्यायचं."

दुसरीला त्यांनी आच दिलीच नाही. बारीक करवतीने पट्टी कापली, कानशीने साफ केली. कीससुद्धा कागदात बांधून, तोलून हातात दिला.

आता खरी पंचाईत. वाट्या दोन, मोल सारखे नाही. थोरली म्हणून मी आधी बोलायला हवे होते; पण नजर पिवळ्याधमक वाटीवरून हलेना. तेवढ्यात धाकटीने फिकी वाटी उचलली.

"ही मला. आप्पांच्या पहिल्या वर्षाच्या पगारातली आहे."

आटवायला निघालेली ती हीच! "अगं, पण तिचं सोनं कमी आहे," मी म्हटले.

"असू दे. आईने दोन्ही सारख्याच मिरवल्या ना?"

कान सोनारानेच टोचावे म्हणतात. आमचे टोचले गेले ते मात्र धाकट्या बहिणीकडून!

परतीच्या गाडीत पिशवी पायांशी होती. तिच्यात निमगावची पाने होती. धाकटीने एकाला चुना लावला, विडा केला आणि अर्धा तोडून माझ्या हातावर ठेवला.