यंत्राला न जमणारे काम

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाचे रक्त डायलिसिसच्या यंत्रातून गाळले जाते, साचलेला युरिया आणि जास्तीचे पाणी त्यातून निघून जाते. परंतु मूत्रपिंडाचे आणखी एक काम या यंत्राला जमत नाही. रक्तातून मिळणारा प्राणवायू कमी पडू लागला की मूत्रपिंडातील काही पेशी एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे दूरच्या अवयवाला आदेश देणारे द्रव्य, तयार करतात. ते अस्थिमज्जेत, अर्थात हाडांच्या पोकळीतील मगजात, पोहोचले की तेथील अपरिपक्व पेशी तग धरतात आणि त्यांच्यापासून तांबड्या पेशी घडतात. मूत्रपिंडांबरोबर हा आदेशही क्षीण होतो, आणि रुग्णाला चिवट रक्तक्षय जडतो.

प्रस्तुत लेखकाचे हिमोग्लोबिन सातच्या खाली उतरले होते, त्या काळात एका मजल्याच्या जिन्यावरही कठड्याला धरून थांबावे लागे, वाक्य पुरे होण्याआधी दम लागे आणि भर उन्हाळ्यात पायांवर चादर घ्यावी लागे. डायलिसिस नेमाने चालू असूनही थकवा हटत नाही हे पाहून घरच्यांना यंत्रातच काही खोट असावी असे वाटे, आणि त्यांची समजूत घालणे अवघड जाई.

हे संप्रेरक औषधरूपाने हाती येण्यामागे दीर्घ तपश्चर्या आहे. शिकागो विद्यापीठातील यूजीन गोल्डवॉसर यांनी ते शुद्ध स्वरूपात मिळवण्यासाठी सुमारे दोन दशके खर्ची घातली. अखेर जपानमधील कुमामोतो येथील ताकाजी मियाके यांनी अस्थिमज्जा निकामी झालेल्या रुग्णांचे २,५५० लिटर मूत्र जमवून त्याचा अर्क त्यांच्याकडे आणला, कारण अशा रुग्णांच्या मूत्रात हे संप्रेरक भरपूर उतरते, आणि १९७७ मध्ये त्यातून काही मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य हाती लागले. पुढे फू-कुएन लिन यांनी त्याचे जनुक वेगळे केले, हॅमस्टर या प्राण्याच्या पेशींमध्ये ते बसवून उत्पादन शक्य झाले, आणि १९८९ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. तोवर अशा रुग्णांना वरचेवर रक्त चढवण्यावाचून फारसा पर्याय नव्हता.

डायलिसिस केंद्रात ते ‘ईपीओ’ याच नावाने ओळखले जाते. दोन ते आठ अंश तापमानात ठेवलेले हे इंजेक्शन घरून आणताना बर्फाच्या डब्यातून आणावे लागे. ते गोठू द्यायचे नाही आणि हलवायचेही नाही, कारण रेणू प्रथिनाचा असल्याने दोन्हींमुळे बिघडतो, अशी ताकीद सिस्टर प्रत्येक नव्या रुग्णाला देत. इंजेक्शनाच्या जोडीला शिरेतून लोहही द्यावे लागले, कारण आदेश मिळाला तरी हिमोग्लोबिनसाठी लागणारे लोहच नसेल तर मज्जा काय करणार! परिणाम दिसायला काही आठवडे जावे लागले. मग जिना एका दमात चढता येऊ लागला आणि वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचण्याची उमेद परतली.

हिमोग्लोबिन अकराच्या पुढे सरकले तेव्हा डॉक्टरांनी मात्रा कमी केली. बरे वाटू लागलेल्या रुग्णाला हा हात आखडता घेणे खटकते, पण त्याला सबळ कारण आहे: मधुमेह आणि मूत्रपिंडविकार असलेल्या रुग्णांवरील २००९ सालच्या एका मोठ्या चाचणीत, याच जातीचे औषध देऊन हिमोग्लोबिन तेराच्या आसपास नेण्याचा प्रयत्न झालेल्या गटात पक्षाघाताचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळले. रक्तदाबही या औषधाने वाढू शकतो.

डायलिसिसचा विचार करताना ईपीओ ही वरखर्चाची बाब मानली जाते, हे प्रस्तुत लेखकाला मुळातच अमान्य आहे. यंत्र निम्मे काम करते, उरलेले निम्मे या इंजेक्शनाचे असते. शेजारच्या खाटेवरील एक तरुण रुग्ण पैशांची ओढाताण झाली की ते चुकवत असे, आणि शेवटी त्याला रक्त चढवावे लागले. परक्या रक्तातील पेशींविरुद्ध शरीरात प्रतिपिंडे तयार होऊ शकतात आणि तीच पुढे दुसऱ्याचे मूत्रपिंड नाकारू शकतात. त्यामुळे ज्या भावाचे मूत्रपिंड त्याला मिळायचे होते, त्याच्याशी जुळणीची तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली.