पोटुशी बाई आणि एकवीस किलोमीटर

आमच्या घरात उर्दू बोलतात आणि आमच्याकडच्या बायका स्वतःला 'हम' म्हणतात. मराठी लिहायला बसलो की 'हम'चे आपोआप 'आम्ही' होते. शाळेतले मराठीचे सर यावरून आम्हाला नेहमी टोकतात, बाई एकटी आणि बोलणे पलटणीचे. पण फेब्रुवारी २०२५ मधल्या एका रविवारी नागपूरच्या रस्त्यावर आम्ही एकवीस किलोमीटर गेलो, तेव्हा पोटात अठरा आठवड्यांचे मूल होते. त्या दिवसापुरते तरी सरांनी आमचे व्याकरण चालवून घ्यावे.

रामटेकला उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही शिकवतो. बी.एड. करताना शारीरिक शिक्षणाचा अभ्यास होता. खो-खोच्या मैदानाची मापे आम्ही तोंडपाठ केली होती, मैदानात मात्र कधी उतरलो नव्हतो. पळणे सुरू झाले ते वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, आणि त्याचे कारण आनंदाचे नाही.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये नवव्या आठवड्यात आमचा गर्भ पडला. लग्नाला सहा वर्षे झाली होती. दिवस राहिल्याचे कळल्यापासून आम्ही जवळजवळ खाटेवरच होतो. शाळेची रजा टाकली होती, झाडूला हात लावला नव्हता, बादली उचलली नव्हती, गच्चीचा जिनासुद्धा चढलो नव्हतो. तरीही गेले. नंतर भेटायला येणारी प्रत्येक बाई शेजारी बसून हळूच विचारायची, "कुछ उठाया था क्या?" डॉक्टरांनी समजावून सांगितले होते की इतक्या लवकर पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गुणसूत्रांतच दोष असतो, आईने निजून राहिल्याने तो दुरुस्त होत नाही. डॉक्टरांचे वाक्य आम्ही एकदा ऐकले. "कुछ उठाया था क्या" महिनाभर ऐकले. शेवटी शेवटी आम्हीच आठवू लागलो, खरेच काही उचलले होते का?

घराबाहेर पडायला निमित्त हवे होते. फजरची नमाज झाली की आम्ही खिंडसीच्या रस्त्याने चालायला जाऊ लागलो. एक दिवस वाटेत पाऊस आला, म्हणून घराकडे पळालो. छाती फुटते की काय असे झाले. पण घरी आल्यावर लक्षात आले की त्या सात-आठ मिनिटांत मनात कसलाच विचार आला नव्हता. दुसऱ्या दिवशी पाऊस नसताना पळालो. लांब कुर्ता, ट्रॅकपँट, पिना लावून पक्का केलेला स्कार्फ. सुरुवातीला कुत्री मागे लागत, मग ती कंटाळली. माणसांना जरा जास्त वेळ लागला. यांचे बसस्टँडजवळ बिजलीच्या सामानाचे दुकान आहे. तिथे एक बुजुर्ग येऊन काळजीने विचारून गेले, "मियाँ, घर में सब खैरियत है ना? दुल्हन सुबह भागती हुई दिखी."

दोन वर्षांत दहा किलोमीटर सहज जमू लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये आम्ही नागपूरच्या अर्धमॅरेथॉनचा फॉर्म भरला, २१.०९७५ किलोमीटरचा. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा दिवस राहिल्याचे कळले.

मग घरात जे व्हायचे ते झाले. नणंदेने फोनवरून कसम घातली. शेजारच्या खाला म्हणाल्या, पळण्याने बच्चेदानी सरकते. खालांना हसण्यात अर्थ नाही, मोठमोठी शिकलेली माणसे हेच मानत होती. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका आठशे मीटर धावल्या, त्यांना ते सोसत नाही असा गवगवा झाला आणि ती शर्यत थेट १९६० पर्यंत बंद राहिली. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ उजाडले. आमच्या खाला तेव्हा चार मुलांच्या आई झाल्या होत्या.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही धडधडत्या काळजाने गेलो. वाटले, त्या नाही म्हणतील आणि प्रश्न मिटेल. त्या लगेच काहीच बोलल्या नाहीत. आधी किती पळत होतात, आठवड्यातून किती दिवस, हे विचारले. गरोदरपणात पळणे नव्याने सुरू करायचे नाही, पण जिला सवय आहे आणि जिच्यात काही गुंतागुंत नाही तिने एकदम सोडायचेही कारण नाही, असे म्हणाल्या. पूर्वी नाडीचे ठोके मिनिटाला १४० च्या वर जाऊ देऊ नका असा नियम अमेरिकेतले डॉक्टर सांगत, १९९४ मध्ये त्यांनीच तो मागे घेतला. आता साधी कसोटी आहे, पळताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दम लागून शब्द तुटू लागले की चालायचे. रक्त दिसले, पोटात कळ आली, चक्कर आली, पाणी गेले तर तिथेच थांबायचे. वार खाली सरकलेली असेल तर सगळेच रद्द.

आणि हिमोग्लोबिन अकराच्या खाली असेल तरीही रद्द. आमचे निघाले १०.४. गरोदरपणात अंगातले रक्त वाढते, पण त्यातला पाण्याचा भाग जास्त वाढतो, म्हणून आकडा उतरतो. मुळात कमी असेल तर आणखीच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या गरोदर बायकांपैकी ४५.७ टक्के पंडुरोगी निघाल्या होत्या, देशात ५२.२ टक्के. म्हणजे आम्ही काही जगावेगळ्या नव्हतो. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या. आमच्यासारख्या दिवसाला पाच कप चहा पिणाऱ्या बाईला एकवीस किलोमीटरपेक्षा हे जड गेले. जानेवारीच्या मध्याला आकडा ११.२ झाला.

निघताना आम्ही विचारले, "काही होणार नाही ना?" त्या म्हणाल्या, "ही हमी मी खाटेवर झोपलेल्या बाईलाही देत नाही."

रात्री झोप यायची नाही. मोबाईलवर वाचत पडायचो. बंगळूरच्या अंकिता गौर यांनी डिसेंबर २०२० मध्ये पाच महिन्यांच्या गरोदर असताना दहा किलोमीटरची शर्यत ६२ मिनिटांत पुरी केली होती. इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफ पोटुशी असताना पळत राहिल्या आणि जानेवारी २००७ मध्ये मुलगी झाल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकल्या. नावांत आपल्यातले नाव शोधायची सवय जात नाही. मलेशियाच्या नूर सुरयानी लंडन ऑलिंपिकला, २०१२ मध्ये, आठव्या महिन्यात रायफल घेऊन उभ्या राहिल्या होत्या. इजिप्तच्या नदा हाफेझ पॅरिसला, २०२४ मध्ये, सातव्या महिन्यात तलवारबाजीची पहिली लढत जिंकल्या. त्या पेशाने डॉक्टर. सासूबाईंना आम्ही त्यांचा फोटो दाखवला. त्यांनी तो चष्मा लावून नीट पाहिला आणि म्हणाल्या, "इसके घर में कोई बड़ा नहीं है क्या?"

या साऱ्या तयारीच्या खेळाडू. त्यांच्याकडे पाहून उद्या कुणी उठून पळू नये. पण रामटेकच्या आसपास धानाची शेती आहे. जुलै महिन्यात रोवणीच्या वेळी सहा-सात महिन्यांच्या पोटुशी बायका दिवसभर चिखलात वाकून असतात. त्यांना कुणी कसम घालत नाही, मजुरी देतात. आमची अम्मा कामठीची, विणकरांच्या घरातली. आम्ही जन्मलो त्या दिवशीही दुपारपर्यंत ती चरख्यावर कांड्या भरत होती. आम्हाला पळायला कुणी मजुरी देणार नव्हते, उलट आम्हीच फी भरली होती. घरच्यांना खटकत होते ते हेच असावे, असे आम्हाला अजून वाटते.

खरी भीती मात्र वेगळी होती. पहिल्या वेळी "कुछ उठाया था क्या" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. या वेळी काही झाले तर उत्तर आयते तयार होते. दौडी थी. जन्मभर पुरेल असे उत्तर. आणि डॉक्टरीणबाई काहीही म्हणोत, अर्ध्या रात्री आम्हीसुद्धा तेच मानले असते. यांना हे सांगितले. हे दुकानाचा हिशेब करत होते. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "तब भी मैं दौड़ने को ही बोला था, ऐसा बोलूँगा." यांनी तोपर्यंत एकदाही पळ म्हटले नव्हते.

शर्यतीच्या आठवडाभर आधीची गोष्ट. आम्ही आणि सासूबाई अंगणात तांदूळ निवडत होतो. त्या उमराहला जाऊन आल्या होत्या. तिथे सफा आणि मरवाच्या दरम्यान हिरव्या दिव्यांच्या टप्प्यात पुरुष पळतात आणि बायकांना चालायला सांगतात, हे त्यांनी आल्या आल्या सांगितले होते. तान्ह्या बाळासाठी पाणी शोधत धावल्या होत्या त्या बीबी हाजरा. तोच विषय त्यांनी त्या दिवशी पुन्हा काढला, आणि मग तांदळातून नजर न उचलता म्हणाल्या, "मेरे दो गए, दुल्हन. मैं तो दौड़ी भी नहीं थी."

नऊ वर्षे आम्ही त्या घरात आहोत. हे आम्हाला माहीत नव्हते. यांनाही नव्हते. आम्ही विचारले, तेव्हा लोक काय म्हणाले? "कुएँ का पानी भरती थी. वही बोले." पुढे त्या काही बोलल्या नाहीत. पळ असेही नाही, पळू नको असेही नाही.

शर्यतीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. नंबर घेताना टेबलावरच्या मुलाने डॉक्टरांची चिठ्ठी दोनदा वाचली आणि आणखी एका कागदावर सही घेतली. पहाटे थंडी होती. पोटाला आधाराचा पट्टा बांधला होता, बूट अर्ध्या नंबराने मोठे घेतले होते, पावले सुजतात म्हणून. सगळ्यांना पुढे जाऊ दिले. वाक्य तुटू नये म्हणून आम्ही पळता पळता इयत्ता सातवीची हजेरी म्हणत होतो, शेजारून जाणारे दचकून पाहत. खरा त्रास लघवीचा. पोटुशी बाईला दर चार-पाच किलोमीटरला लागते आणि अशा शर्यतीत मुताऱ्या कुठे असाव्यात हे बहुधा पुरुष ठरवतात. दोनदा पेट्रोल पंपावर गेलो. चौदाव्या किलोमीटरला हजेरीतली नावे तुटायला लागली, तेव्हा चालू लागलो. पुढे थोडे पळणे, जास्त चालणे. एकदा पोटात काहीतरी ओढल्यासारखे झाले आणि आम्ही रस्त्याच्या कडेला पूर्ण थांबलो. मनगटावरच्या घड्याळात तीन मिनिटे मोजली. तेवढी लांब तीन मिनिटे आयुष्यात दुसरी नाहीत. ओढ पुन्हा आली नाही. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा तीन तास सात मिनिटे झाली होती आणि यांच्या हातातली पाण्याची बाटली पिळून पिळून वाकडी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी केली. ठोके नीट होते. जुलैत मुलगी झाली, दोन किलो आठशे ग्रॅमची. पण त्या रविवारी यातले काहीच माहीत नव्हते. दुपारी रामटेकला पोचलो तेव्हा सासूबाईंनी न्हाणीघरात गरम पाणी काढून ठेवले होते आणि ताटलीत खजूर. आम्ही अंघोळ करून आलो, खजूर खाल्ले. त्या समोर बसून होत्या. मोहल्ल्यातल्या दोघी-तिघी दारातून डोकावून गेल्या. मग त्यांनी विचारले, "कितवाँ नंबर आया?"

आम्ही म्हटले, "पीछे से गिनो अम्मी, तो जल्दी मिल जाएगा."

"पीछे कोई था?"

"थे. पंद्रह-बीस."

त्यांनी मान हलवली आणि उरलेले खजूर आमच्या पुढे सरकवले.