ऐकीव

आमच्या वऱ्हाडात दोन गोष्टी फुकट मिळतात. एक ऊन आणि दुसरी बातमी. अकोल्याहून बातमी निघते तेव्हा ती साधी असते. मूर्तिजापूरला ती फुगते, बडनेऱ्याला गाडी बदलते आणि अमरावतीला उतरते तेव्हा तिचा जन्मदातासुद्धा तिला ओळखत नाही. राजकमल चौकातल्या पानठेल्यावर ती ऐकताना ‘तुम्ही स्वतः पाहिलं का?’ असं कुणी विचारत नाही. तसं विचारणं म्हणजे सांगणाऱ्याच्या अब्रूला हात घालणं!

पण कोर्टात नेमका हाच प्रश्न विचारतात. 1872 साली जेम्स फिट्झजेम्स स्टीफन नावाच्या साहेबाने भारतीय पुराव्याचा कायदा लिहून काढला. एकशे सदुसष्ट कलमं. त्यातलं साठावं कलम म्हणतं, तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. पाहण्याची गोष्ट असेल तर पाहणाऱ्याने सांगावी, ऐकण्याची असेल तर ऐकणाऱ्याने. अमक्याने तमक्याला सांगितलं आणि तमका मला बोलला, हे चालायचं नाही. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, कलमं एकशे सत्तर झाली, साठाव्याचं पंचावन्नावं झालं. नियम मात्र तोच. हे कलम पानठेल्यावर लागू केलं तर अर्धी अमरावती मुकी होईल.

या कायद्याचा एकेक नियम मोठा मजेदार आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. पण ‘कुऱ्हाड कडब्यात लपवली’ असं तो म्हणाला आणि पंचांसमक्ष ती तिथे सापडली, की तेवढं बोलणं आत येतं. चोरीचा माल चोरीनंतर लगेच ज्याच्याजवळ सापडेल त्याच्यावर चोरीचा संशय धरता येतो. आमच्या आईला हे कलम न वाचता पाठ होतं. डब्यातली साखर कमी झाली की ती मुलांची बोटं हुंगत असे. फौजदारीत गुन्हा वाजवी संशयापलीकडे शाबीत व्हावा लागतो, दिवाणीत ज्याचं म्हणणं अधिक संभवनीय त्याचं पारडं जड. आईच्या कोर्टात मात्र दोन्हींना एकच माप होतं, आणि अपील नव्हतं.

आता तर यंत्रंही साक्षीला येतात. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीत 296 मतांनी निकाल लागला आणि भांडण पेटलं ते उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, यावर. कचेरीत कॅमेरे होते, चित्रफीत होती. पण तिच्याबरोबर कायद्याला हवं ते प्रमाणपत्र नव्हतं. खोतकर-गोरंट्याल यांचं हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2020 साली ठरलं, की मूळ यंत्रच कोर्टात हजर केलं नसेल तर नकलेसोबत प्रमाणपत्र हवंच. म्हणजे डोळ्यांनी दिसतंय तरी दाखला आणा! तहसिलीत गेलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

हे सगळं ज्ञान मला पुस्तकातून मिळालं नाही. ते मला एका निंबाच्या झाडाने दिलं.

अकोल्याजवळच्या आमच्या शेताच्या धुऱ्यावर हा निंब होता. आमच्या काकांचं म्हणणं, निंब आपला, म्हणजे त्याच्या पलीकडची सहा तासंही आपली. बाजूवाल्याचं म्हणणं नेमकं उलट. सहा तासांत कापूस तो किती होणार? पण वऱ्हाडी माणूस पोरीच्या लग्नात मागेपुढे बघेल, धुऱ्यात बघायचा नाही. दावा अकोल्याच्या कोर्टात बारा वर्षं चालला. काकांनी गावातून सात साक्षीदार उभे केले. सातहीजणांनी एकच वाक्य एकाच सुरात म्हटलं. कायद्यात साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

आणि 1994 साली बाजूवाल्याने समन्स काढलं ते माझ्या नावाचं!

कारण लहानपणी त्या निंबाखाली आमचे आबाजी मला म्हणाले होते, “बाबू, सावलीत बस, पन निंबोया नको येचू. तो निंब आपला नोहे, बाजूवाल्याचा हाये.” हे बाजूवाल्याच्या म्हाताऱ्याने ऐकलं होतं, घरी सांगितलं होतं, आणि मग तो वारला होता.

साक्षीच्या आदल्या रात्री काका अमरावतीला आले. जेवण झाल्यावर सुपारी कातरत म्हणाले, “तुले लहानपनचं काय आठवते बाप्पा? माह्या तं काल्चंबी ध्यानात राहत नाही.” खोटं बोल, असं ते म्हणाले नाहीत. विसर म्हणाले. विसरणं हे खोटं बोलण्याचं सोवळं नेसलेलं रूप आहे. आणि माझ्या कॉलेजची फी याच शेतातल्या कापसावर काकांनी भरली होती.

मी पिंजऱ्यात उभा राहिलो. बाजूवाल्याच्या वकिलाने विचारलं, “आजोबा काय म्हणाले होते?” तोच आमचे वकील उठले, “हरकत आहे! ऐकीव!” त्या क्षणी स्टीफनसाहेबाच्या तसबिरीला हार घालावा असं मला वाटलं. पण समोरचा वकील शांतपणे म्हणाला, “कलम बत्तीस, पोटकलम तीन. मृत व्यक्तीचं स्वतःच्याच हिताविरुद्धचं विधान.” मेलेला माणूस आपल्याच जमिनीचं नुकसान करणारं बोलून गेला असेल तर ते ग्राह्य धरतात. तोट्यात जाऊन कोण कशाला खोटं बोलेल, हा त्यामागचा हिशोब. न्यायाधीशांनी हरकत फेटाळली आणि माझ्याकडे पाहिलं. काका खाली बघत होते.

मी निंबोळ्यांसकट सगळं सांगितलं.

दावा गेला. काकांकडून दर दिवाळीला तुरीच्या डाळीची थैली यायची, ती बंद झाली. दोन दिवाळ्या आम्ही बाजारची डाळ खाल्ली. तिसऱ्या दिवाळीला काका स्वतःच थैली खांद्यावर घेऊन दारात उभे. चहा झाला, सुपारी झाली. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “आबाजी मलेबी तेच सांगत होते. पन त्या वकिलानं मले इचारलंच नाही.”

काका आता नाहीत. हे बोलणं माझ्याशिवाय कुणी ऐकलेलं नाही. ऐकीव म्हणून कुणी हरकत घेईल. पण ते त्यांच्या स्वतःच्या हिताविरुद्ध होतं, तेव्हा ग्राह्य धरावं, ही विनंती.