रबरी बेडूक आणि मरळाची पिल्लं

टेमघर म्हटलं की बाहेरच्या माणसाला मुळशीचं धरण आठवतं. आमचं टेमघर भिवंडीतलं, कल्याण रस्त्यावरचं. पिसे बंधाऱ्यावरून उचललेलं पाणी इथे शुद्ध होतं आणि ठाण्याला जातं. पाण्याच्या नावाने गावाची एवढीच ओळख. पण पावसाळा लागला की इथल्या पोरांच्या डोक्यात दुसरंच पाणी असतं: भातखाचरांच्या कडेचे ओढे, जुन्या खाणींत साचलेली डबकी, शहराबाहेरची गावतळी. हातात रॉड आणि खांद्याला पिशवी घेऊन ती मरळ गरवायला निघतात.

गरवण्याची विद्या मात्र ही पोरं मोबाइलवर अमेरिकेतून शिकली आहेत. तिथे बास नावाचा मासा आहे, तो दाट वनस्पतींत लपून राहतो आणि त्याला तिथून बाहेर काढण्याचं तिकडे एक शास्त्रच झालं आहे. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या डी थॉमसने लांब काठीने, थोडीच दोरी सोडून, लव्हाळ्याच्या नेमक्या फटीत जिग अलगद सोडायची पद्धत स्पर्धांमध्ये गाजवली. त्याला फ्लिपिंग म्हणतात. बास आपल्या नदीनाल्यांत नाही. पण त्याच्यासारखाच दबा धरून बसणारा, त्याच्याइतकाच रागीट मरळ आपल्याकडे आहे, आणि लव्हाळ्याच्या जागी जलपर्णी आहे. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. फुलं सुंदर म्हणून ब्रिटिशकाळात बंगालमध्ये आणली गेली आणि आज कामवारी, उल्हास, सगळीकडे हिरवा गालिचा अंथरून बसली आहे.

मरळ तिच्याखाली का बसतो? सावली मिळते, वरून बगळ्याला दिसत नाही, आणि समोरून जाणारा बेडूक किंवा मासोळी एका झडपेत घेता येते. शिवाय या माशाला नुसते कल्ले पुरत नाहीत, अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. पाण्याखाली अडकवून ठेवला तर बुडून मरेल असा हा मासा! म्हणून तो जलपर्णीतल्या फटी आणि कडा धरून राहतो. गरवणाऱ्याने आधी काठावर गप्प बसावं आणि पानं कुठे हलतात, बुडबुडा कुठे फुटतो ते पाहावं. अर्धं गरवणं तिथेच होतं. उतावीळ पोरं पहिल्या मिनिटाला दोरी फेकतात आणि सगळं तळं सावध करतात.

आता रबरी बेडूक. पोरं त्याला फ्रॉगच म्हणतात. आतून पोकळ, मऊ, आणि दोन्ही गऱ्या वरच्या अंगाला, पाठीला चिकटलेल्या. त्यामुळे तो पानांवरून सरकतो, अडकत नाही. माशाने तोंडात दाबला की शरीर चेपतं आणि गऱ्या बाहेर येतात. फेकायचा तो फटीच्या पलीकडे, जलपर्णीवर. मग हळूहळू, दोन उड्या आणि एक थांबा, असा फटीपर्यंत आणायचा आणि फटीत क्षणभर सोडून द्यायचा. बहुतेक वेळा झडप तिथेच पडते. धप्प आवाज होतो, पाणी उडतं, आणि नवखा माणूस दचकून लगेच झटका देतो. बेडूक माशाच्या तोंडातून निसटून परत येतो. दोरी ताणली जाईपर्यंत थांबायचं, ढील गुंडाळायची आणि मग दोन्ही हातांनी उचलायचं. दोरी विणीची, 50 ते 65 पौंडांची हवी. काठी ताठ हवी. मासा लागल्यावर त्याचं डोकं वर ठेवून पानांवरूनच ओढत आणायचा. खाली बुडी मारू दिली की देठांत गुंडाळला गेलाच.

गालिचा फारच जाड असेल तर बेडूक उपयोगाचा नाही. मग वजनदार जिग किंवा 28 ग्रॅमचं शिसं लावलेलं मऊ आमिष सरळ खाली टोचतात. त्याला पंचिंग म्हणतात. गरीचं टोक मऊ प्लास्टिकमध्ये लपवलेलं असतं, जिगला पुढे दाट केसांचं कुंपण असतं, म्हणून ते झाडोऱ्यात अडकत नाही. मला ही पद्धत तितकी आवडत नाही, कारण दिसत काही नाही, फक्त दोरीतून टकटक कळते. पण थंडीत मासा सुस्त असताना तीच चालते म्हणतात.

हे सगळं येण्याआधी आमच्याकडे मरळ कशाने धरायचे? जिवंत बेडकाने. बेडकाच्या पाठीत किंवा मांडीत गरी ओवायची आणि त्याला पाण्यावर पोहायला सोडायचं. जितका तडफडेल तितका मासा लवकर येतो. हे करणारी माणसं क्रूर नव्हती. दिवसभर माग चालवून संध्याकाळी घरी कालवण न्यायचं, एवढाच त्यांचा हिशेब. पण अबू दाऊदच्या संग्रहात एक हदीस आहे. एका वैद्याने औषधात बेडूक घालण्याबद्दल विचारलं, तेव्हा पैगंबरांनी (स.) बेडूक मारायला मनाई केली. भिवंडीत आम्ही कोकणी बहुतेक शाफई आणि मोमीन हनफी. पुष्कळ बाबतींत आमचं जमत नाही, पण बेडूक दोघांच्याही ताटात येत नाही. जिवंत प्राण्याला नेमबाजीचं निशाण बनवू नका, हेही सहीह मुस्लिममध्ये आहे. त्यावरूनच अनेक उलेमा जिवंत किडा गरीत ओवणं मकरूह मानतात, मेलेला चालतो म्हणतात. इकडे सरकारनेही 1987 साली बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. बेडूक गेले तर शेतातले किडे कोण खाणार, हे तोवर ध्यानात आलं होतं.

म्हणून मला हा अमेरिकन रबरी बेडूक आवडतो. बास धरणाऱ्यांना आपल्या हदिसांशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना फक्त झाडोऱ्यात न अडकणारं आमिष हवं होतं. पण त्यांच्या खटपटीतून आमच्या ओढ्यावरचा एक जुना छळ थांबू शकतो. तीनशे-चारशे रुपयांचा तुकडा, नीट वापरला तर दोन पावसाळे टिकतो.

इथवर सगळं छान. अडचण पुढे आहे.

मरळ पावसाळ्यात अंडी घालतो आणि पिल्लांना सोडून जात नाही. पिल्लं लालसर-केशरी, शेकड्यांनी, एकमेकांना चिकटून पोहतात. तीही हवा घ्यायला एकदम वर येतात, तेव्हा पाण्याच्या तेवढ्याच तुकड्यावर भुरभुर पाऊस पडतोय असं वाटतं. त्यांच्याखाली आईबाप पहारा देत असतात. आणि मोबाइलवरचं सर्वांत खात्रीचं तंत्र हेच: पिल्लांचा पुंजका शोधा, बेडूक त्याच्या पलीकडे टाका आणि मधून ओढून आणा. दुसऱ्या-तिसऱ्या फेकीला झडप येते. मासा भुकेने येत नाही. पिल्लांवर कुणीतरी चालून आलंय, म्हणून येतो.

माझ्या भाच्याने मोठ्या उत्साहाने मला असा व्हिडिओ दाखवला. मी म्हटलं, "हा तर बाप दिसतोय रे."

"मामू, सोडून देतात ना परत. फोटो काढायचा आणि सोडायचा."

"तेवढ्यात पिल्लांकडे कोण बघतं?"

तो थोडा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "तिथे दुसरा असतो ना, जोडीदार."

असतो, नेहमी नाही. आणि काठावर पाच मिनिटं फोटोसाठी धरलेला मासा परत जाईपर्यंत बाकीच्या मासोळ्यांनी पुंजका फोडलेला असू शकतो. अबू दाऊदमध्येच दुसरी एक घटना आहे. प्रवासात काही साथींनी एका लाल पक्षिणीची दोन पिल्लं उचलली, ती पंख फडफडवत भोवती घिरट्या घालू लागली. पैगंबरांनी (स.) विचारलं, हिला पिल्लांवरून कुणी दुखवलं? आणि ती परत ठेवायला लावली. मी हे भाच्याला सांगितलं. त्याला ते पटलं की नाही माहीत नाही, पण त्याने मोबाइल खिशात ठेवला.

आमच्या भागात पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायचा जुना शौक आहे. गाभोळीने भरलेले मासे ओढ्यातून वर चढतात आणि लोक पोत्याने भरून आणतात. समुद्रावर 1 जूनपासून मासेमारी थांबते, ओढ्यावर कुणाचा पहारा आहे? त्यापुढे एका रॉडवाल्या पोराची चूक केवढीशी, असं कुणी म्हणेल. पण पोत्यावाल्याच्या घरी निदान ते मासे शिजतात. अल-माइदा सूरतमध्ये पाण्यातली शिकार आणि तिचं अन्न हलाल केलं आहे ते खाण्यासाठी. नुसत्या गंमतीखातर जिवाला गरी लावायची, हे माझ्या मनाला अजून पटत नाही. उलट कामवारीत जे रंगीत पाणी येतं ते पाहिल्यावर तिथला मासा कुणी खावा असंही मी म्हणणार नाही. मग तिथे गरी टाकायचीच कशाला? आणि गावतळी बहुतेक मच्छीमार संस्थांकडे ठेक्याने असतात. त्यांना विचारल्याशिवाय धरलेला मासा कितीही ताजा असला तरी दुसऱ्याचाच.

भाच्याशी शेवटी तडजोड अशी झाली. भुरभुर दिसली की दुसऱ्या काठाला जायचं. जून ते सप्टेंबर रॉड घरी ठेवायचा असं मी म्हणत होतो, ते त्याला मान्य नाही, आणि सगळ्या पोरांना तेवढा धीर नसतो हे मीही जाणतो. पाऊस सरला की पिल्लं मोठी होऊन पांगतात, जलपर्णी सर्वांत दाट असते, आणि खरं तर रबरी बेडकाचा हंगाम तोच. खायचा तेवढाच मासा ठेवायचा, बाकीचे पाण्यातच सोडवायचे. त्यासाठी त्याने पक्कड घेऊन आपल्या सगळ्या गऱ्यांच्या टोकाजवळचे उलटे काटे दाबून सपाट केले. काही मासे निसटतात म्हणून मित्र त्याला हसतात.