तिघांसमोर ग्लोरिया

मानसोपचारतज्ज्ञ आपल्या पद्धतीविषयी जे चार शब्द लिहितात, ते मी नेहमी सावकाश वाचते. त्यात पदव्या असतात, प्रशिक्षण असतं, पद्धतींची भारदस्त नावं असतात. पण ज्याला कित्येक रात्री धड झोप नाही आणि घरात कुणाजवळ मन मोकळं करायची सोय नाही, तो त्या ओळींत एवढंच शोधत असतो : हा माणूस माझ्याशी वागेल कसा?

याचं उत्तर पाहायचं असेल, तर ग्लोरियाची फिल्म पाहावी. एव्हरेट शोस्ट्रॉम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ती १९६४ साली चित्रित केली. तिशीची, घटस्फोटित, लहान मुलीची आई असलेली ग्लोरिया तीन मानसोपचारतज्ज्ञांपुढे पाळीपाळीने बसते : कार्ल रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस. ती येण्याआधी प्रत्येक जण आपली पद्धत समजावून सांगतो. मग दोन खुर्च्या, दोन माणसं.

एलिस यांचं म्हणणं सरळ आहे. दुःख घटनेतून येत नाही, घटनेबद्दलच्या आपल्या अविवेकी समजुतींतून येतं. त्या शोधायच्या, खोडायच्या आणि मग प्रत्यक्ष करून पाहायचं. ते भरभर बोलतात, गृहपाठ देतात. मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे मराठी वाचकाला ही वाट परकी नाही. पर्ल्स यांना भूतकाळ नको, या क्षणी काय चाललंय ते हवं. ग्लोरिया म्हणते, मला भीती वाटतेय, आणि म्हणता म्हणता हसते. पर्ल्स त्या हसण्यावरच बोट ठेवतात. ती चिडते, भांडते, आणि भांडताना अधिक जिवंत दिसू लागते.

रॉजर्स मात्र आपली पद्धत प्रश्नांतून सांगतात, आणि ते प्रश्न असतात स्वतःलाच विचारलेले. या नात्यात मी खरा राहू शकेन का? हिच्याविषयी मला आस्था वाटेल का? हिचं जग मला आतून समजेल का? ग्लोरिया अजून खोलीत आलेली नाही, आणि तिच्याविषयी आधीच काही ठरवून टाकायला ते तयार नाहीत. मला हे फार मोलाचं वाटतं.

ती येते आणि थेट विचारते : घटस्फोटानंतर माझ्या आयुष्यात पुरुष आले, हे लेकीला खरं सांगू की नको? तिला उत्तर हवंय, ती पुन्हा पुन्हा मागते. रॉजर्स पुढे झुकून ऐकतात. उत्तर देता आलं असतं तर बरं झालं असतं, असं मनापासून म्हणतात, आणि देत नाहीत. ते तिचं तिलाच शोधावं लागेल. शोधताना मात्र ते सोबत असतील. शेवटाकडे ग्लोरिया सांगते, तुम्ही माझे वडील असता तर किती बरं झालं असतं. रॉजर्स म्हणतात, तू मला छान मुलगी वाटतेस. एवढंच. त्या वाक्यात तंत्र कुठे संपतं आणि माणूस कुठे सुरू होतो, ते मला अजून वेगळं काढता आलेलं नाही.

तिन्ही बैठकींनंतर, पुढे कुणाकडे जायला आवडेल, असं विचारल्यावर ग्लोरियाने पर्ल्स यांचं नाव घेतलं. पुढे तिला त्यांचा रागही आला. रॉजर्स यांच्याशी मात्र तिने वर्षानुवर्षं संपर्क ठेवला. १९७९ मध्ये ती गेली. तिचा एक निर्णय खरा आणि दुसरा खोटा, असं मी म्हणणार नाही. दुखावलेल्या माणसाला एका वेळी डिवचणारा लागतो, दुसऱ्या वेळी धीराने ऐकणारा. मानसशास्त्रज्ञ सॉल रोझेनझ्वाइग यांनी तर १९३६ सालीच सुचवलं होतं, की निरनिराळ्या पद्धतींच्या यशामागे काही समान घटक असावेत.

म्हणून पद्धतींची भांडणं मला फारशी ओढत नाहीत. उपचारकाने आपली रीत जरूर सांगावी, नेमकी आणि प्रामाणिक सांगावी. मदत मागायला आलेल्या माणसाचा तो हक्कच आहे. फक्त त्या सांगण्यात, अजून न भेटलेल्या माणसासाठी थोडी जागा मोकळी असावी. ही रीत मला मानवत नाही, असं त्याला न घाबरता म्हणता यावं. आणि ते ऐकून उपचारकाला आपली रीत बदलता यावी.