उन्हाळा आणि दिवस गेलेली सून

ग्वाल्हेरचा उन्हाळा हा कोकणातला किंवा पुण्याचा उन्हाळा नव्हे. शिंद्यांच्या छावणीमागोमाग लष्करात येऊन राहिलेल्या आमच्या पूर्वजांनी येथील पुष्कळ शब्द आपलेसे केले. त्यांतला 'लू' हा शब्द आम्हांला अनुभवाने शिकावा लागला. मे महिन्याच्या अखेरीस पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याही पलीकडे जातो. अशा दिवसांत घरातील सून गर्भारशी असली, म्हणजे परीक्षा तिची नसते, घराची असते.

आमच्या आज्यांनी या परीक्षेची बरीच तयारी करून ठेवली होती. जाड भिंतींची, ऊन न येणारी खोली गर्भिणीला द्यायची, दारावर वाळ्याची ताटी लावून तीवर पाणी शिंपडायचे, दुपारी ताक, पन्हे किंवा बेलाचे सरबत द्यायचे. यात शास्त्र होते. कोरड्या हवेत पाण्याची वाफ होताना उष्णता खेचली जाते. आजचा कूलरही याच तत्त्वावर चालतो. मात्र आषाढात हवा दमट झाली, की त्याचा उपयोग उरत नाही. तेव्हा उघडी खिडकी, पंखा, सैल सुती कपडे आणि ओल्या फडक्याने अंग पुसणे हेच बरे.

गर्भारपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण जवळजवळ दीडपट होते, हृदयाचे काम वाढते. बाळाच्या अंगातील उष्णताही आईच्याच शरीरावाटे बाहेर पडते. आईच्या अंगातले पाणी कमी झाले, तर त्याचा ताण दोन जिवांवर पडतो. तीव्र उष्म्याचा अकाली प्रसूतीशी आणि बाळाच्या कमी वजनाशी संबंध असल्याचे आता अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे.

पण आमच्या घरांतील खरी अडचण पन्ह्याची नाही, सोसण्याची आहे. 'नऊ महिने हूं की चूं केले नाही' ही आमच्याकडे सुनेची मोठी स्तुती समजली जाते. त्या स्तुतीसाठी कितीजणी भर दुपारी शेगडीपुढे उभ्या राहिल्या! प्रवासात वा पाहुण्यांच्या घरी वारंवार उठावे लागू नये, म्हणून कितीजणींनी पाणीच कमी प्यायले! त्यात ज्येष्ठातील व्रते. शेजारच्या घरांतून निर्जला एकादशी, लगोलग आपली वटपौर्णिमा. वास्तविक धर्मशास्त्राने गर्भिणीला उपवासात सवलत दिली आहे; ती घ्यायला संकोच वाटतो, एवढेच.

म्हणून काही गोष्टी घरानेच ठरवून टाकाव्यात, असे आम्हांला वाटते. स्वयंपाक सकाळी लवकर उरकावा. बाहेरची कामे दहाच्या आत किंवा दिवस कलल्यावर करावीत. तहानेची वाट न पाहता पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी असावा. दुपारी तिने कुशीवर निजावे, पाय सुजत असतील तर उशीवर ठेवावेत. रक्तदाब वा मधुमेह असल्यास पन्ह्यातील मीठ-साखरेविषयी आधी डॉक्टरांना विचारावे. लघवी गडद होणे, घेरी येणे, ताप, थांबत नसलेली डोकेदुखी, पोटात कळा किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काही दिसले, तर 'ऊन बाधले असेल' म्हणून घरी न बसता तत्काळ दवाखाना गाठावा.

आपल्या परंपरेने गर्भिणीला एक मोठा अधिकार दिला आहे, तो डोहाळ्यांचा. तिने मागावे आणि घराने ते आनंदाने पुरवावे. सातव्या महिन्यात तिला झोपाळ्यावर बसवून आपण हौसेने विचारतो, 'काय हवे?' उन्हाळ्यात तोच प्रश्न रोज दुपारी विचारावा. उत्तर बहुधा साधेच येईल: गार पाणी, थोडी सावली आणि तासभर निजण्याची मुभा.