आम्ही, एकटेच

या शुक्रवारचा शेवटचा तास आम्ही फारसा चांगला घेतला नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे. विषय होता लघुनिबंधातील ‘मी’. फडके-काणेकरांच्या पिढीने हा ‘मी’ कसा घडवला, तो आत्मचरित्रातल्या ‘मी’हून वेगळा कसा, वगैरे आम्ही सांगत होतो. मन मात्र कधीच वर्गाबाहेर पडून मुरबाडच्या पुढे, वैशाखऱ्याजवळच्या फाट्यावर जाऊन उभे राहिले होते. उद्या पहाटे कल्याणहून माळशेजमार्गे जाणारी एसटी आम्हांला तिथे उतरवील, आणि तिथून आम्ही नाणेघाट चढू लागू. एकटेच.

‘आम्ही’ आणि ‘एकटेच’ हे शब्द शेजारी आले की व्याकरणाला हसू येत असावे. पण या ‘आम्ही’ला एक इतिहास आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी आमचा पाच जणांचा चमू होता. त्या वेळी ‘आम्ही हरिश्चंद्रगडावर गेलो होतो’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असे. पुढे एक जण परदेशी गेला, एकाच्या गुडघ्यांनी संप पुकारला, एक बढती मिळवून शनिवार-रविवारासकट कचेरीचा झाला. उरलो दोघे. बरीच वर्षे हे द्विवचनही पुरले. गेल्या वर्षी चैत्रात तोही गेला. डोंगरात नव्हे, इस्पितळात. त्यानंतर आमची पाठपिशवी माळ्यावरून खाली उतरली नव्हती. ती मागच्या रविवारी आम्ही उतरवली, झटकली, तेव्हा खालच्या कप्प्यातून आवळासुपारीची एक पुडी निघाली. ती आमची नव्हती. आम्हांला आवळासुपारी आवडत नाही.

वाट निवडायला फारसा वेळ लागला नाही. एकट्याने जायचे तर वाट अशी हवी, की जिच्यावर चुकण्याचा वाव थोडा आणि विचाराला वाव पुष्कळ. नाणेघाट तसा आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळी, कल्याणच्या बंदरातला माल याच घाटाने जुन्नरला आणि पुढे पैठणला जाई. म्हणजे आम्ही राहतो त्या गावाच्या जुन्या व्यापाराचीच ही पायवाट. झाडीतून चढताना मध्येच दगडी फरसबंदी आणि पायऱ्या लागतात. माथ्याजवळ खडक तासून काढलेली अरुंद खिंड. आणि खिंड ओलांडली की भला मोठा दगडी रांजण. त्यात जकातीची नाणी टाकीत, असे सांगतात. चढायला आम्हांला एके काळी अडीच तास लागत. उद्यासाठी आम्ही चार धरले आहेत.

पण आम्हांला ओढ आहे ती खिंडीच्या तोंडाशी असलेल्या लेण्याची. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृतात, नागनिकेचा म्हणून प्रसिद्ध असलेला लेख कोरला आहे. कोणकोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून किती गाई, घोडे, हत्ती, किती कार्षापणे दिली, याचा तो आकड्यांसकट हिशेब आहे. भारतीय अंकलेखनाच्या जुन्या पुराव्यांत त्याची गणना होते, ती या हिशेबीपणामुळेच. मागच्या भिंतीला राजकुलातल्या व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. डोक्यावर नावे कोरलेली: सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, महारठी, कुमार. प्रतिमा नाहीशा झाल्या. वर नावे राहिली आणि खाली पावलांच्या खुणा. मधले सगळे गेले.

पंधरा वर्षांपूर्वी आमचा तो मित्र त्या पावलांसमोर बराच वेळ बसून होता. शेवटी एवढेच म्हणाला, की चालणाऱ्याचे आणखी काय उरायचे? आम्ही तेव्हा हसलो होतो, आणि महारठींनाही पाय दुखत असतील काय, अशा अर्थाचा काही पाचकळ विनोद केला होता. उद्या तिथे विनोद करायला कुणी नसेल आणि ऐकायलाही. या दौऱ्याची आम्हांला जी थोडी भीती वाटते ती या घटकेची आहे, चढाची नाही.

आता वाचक विचारतील, मग जाता कशाला? हाच प्रश्न घरातही आला, अधिक स्पष्ट शब्दांत. सोबतीला कुणी मिळाले असते. आजकाल शनिवारी-रविवारी गिर्यारोहणाचे संघ निघतात, पैसे भरले की चहा-नाश्त्यासह डोंगर मिळतो. पण नव्या सोबत्यांबरोबर गेलो तर जुन्या जागी नवे बोलणे भरले जाईल, आणि ते आम्हांला इतक्यात नको आहे. ती वाट एकदा रिकामी चालून पाहिली पाहिजे. ती सोसते की नाही, हे वर्गात उभे राहून कळणार नाही.

एकट्याने जाण्याचे नियम आम्ही पाळणार आहोत. रात्री घाटघर गावात मुक्काम, उघड्यावर नाही. रविवारी समोरच्या जीवधनाकडे पाहायचे, त्याच्या पायथ्यापर्यंत जायचे. वर मात्र नाही. त्याच्या वाटेवरच्या पायऱ्या ठिकठिकाणी उद्ध्वस्त आहेत आणि तिथे हात द्यायला दुसरा माणूस लागतो. हा नियम त्याचाच होता. ‘दोघे असलो तर कडा, एकटा असलो तर पठार,’ असे तो म्हणे. दुपारी जुन्नर गाठून परत.

शुक्रवारची रात्र आहे. तपासायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर आहे आणि सोमवारपर्यंत तो तिथेच राहील. पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या, विजेरी, जास्तीचे मोजे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. ती आवळासुपारीची पुडी टाकून द्यावी असे दोनदा मनात आले. मग ती होती त्याच कप्प्यात परत ठेवली. असो.

आत्ताच स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘वर पोचलात की फोन करा. तिथे रेंज नसेल तर घाटघरहून करा, पण करा.’

‘करतो,’ मी म्हणालो.